अध्यक्ष कोण, हे सगळ्यात शेवटी ठरवा

प्रश्न : नाशिकच्या आमच्या महाविद्यालयात दरवर्षी अभिरूप संसद भरते. यंदा ७९ विद्यार्थ्यांचं सभागृह आहे. सत्ताधारी ४४, विरोधी २५, अपक्ष १०. त्यातून १५ जणांची समिती करायची असून विषय आहे कांदा. समितीचा अध्यक्ष हात वर करून निवडावा की चिठ्ठीने? कामकाजाला कुठले नियम लावावेत? आणि गेल्या वर्षीचा एक घोळ : मतदान अंगाशी येतंय असं दिसताच अध्यक्ष झालेल्या मुलाने 'बैठक संपली' म्हणत वही मिटली आणि तो निघून गेला. उरलेल्यांनी दुसरा अध्यक्ष बसवून ठराव मंजूर केला. बरोबर कोण?

उत्तर : मॅडम, तुमचा तिसरा प्रश्न आधी घेतो. पहिल्या दोन्हींची उत्तरं त्याच्याच पोटात आहेत.

मी कोण, तेही सांगून टाकतो. एका महापालिकेच्या नगरसचिव विभागात माझी २८ वर्षं गेली. समित्यांची विषयपत्रिका काढायची, सभेत कोपऱ्यातल्या टेबलावर बसायचं आणि इतिवृत्त लिहायचं. निवृत्तीनंतर नाशिकला स्थायिक झालो, आणि आता कॉलेजांच्या संसदेत परीक्षक म्हणून बोलावतात. संसदेच्या नियमांचं पुस्तक मी हौसेने वाचलं, पण समिती कशी मोडते हे मात्र नोकरीत पाहिलं.

तुमच्या मुलांनी जे केलं ते दिल्लीत खरोखर घडलेलं आहे. तारीख २८ एप्रिल २०११. संसदेच्या लोकलेखा समितीपुढे, म्हणजे सरकारचा खर्च तपासणाऱ्या समितीपुढे, टू-जी स्पेक्ट्रमच्या (मोबाइल लहरींच्या) वाटपावरचा मसुदा अहवाल होता. अध्यक्ष मुरली मनोहर जोशी. समितीत तेव्हा २१ सदस्य होते आणि त्यातले ११ मसुद्याच्या विरोधात. गोंधळ वाढला तसे जोशी बैठक तहकूब करून बाहेर पडले. आत राहिलेल्या ११ जणांनी सैफुद्दीन सोझ यांना अध्यक्षस्थानी बसवलं, मतदान घेतलं आणि मसुदा फेटाळला. जोशींनी तरीही तो अहवाल लोकसभाध्यक्ष मीरा कुमार यांच्याकडे दिला. त्यांनी तो परत पाठवला.

आता यात बरोबर कोण? लोकसभेच्या कामकाज नियमांतला २५८वा नियम म्हणतो की अध्यक्ष एखाद्या बैठकीला गैरहजर असेल तर समितीने त्या बैठकीपुरता आपल्यातलाच दुसरा सदस्य अध्यक्ष म्हणून निवडावा. पण मधेच उठून गेलेला माणूस 'गैरहजर' धरायचा का? आणि तहकुबी जाहीर झाल्यावर 'ती बैठक' उरते का? एका बाजूने म्हणायचं बैठक संपलीच होती, दुसऱ्या बाजूने म्हणायचं अध्यक्ष पळाले, समिती जागेवरच होती. दोघांच्याही हातात तेच पुस्तक. तेव्हा तुमच्या मुलांना गुण कापायचे असतील तर दोन्ही गटांचे सारखे कापा, आणि थोडे स्वतःचेही. नियमावली आधी लेखी दिली असती तर वही मिटायची वेळ आली नसती.

म्हणूनच सांगतो, अध्यक्ष निवडण्याआधी अध्यक्षाला काय करता येईल ते कागदावर आणा. आपल्याकडे उलटं चालतं. आधी खुर्चीसाठी मारामारी, आणि खुर्चीवर बसलेला मग नियम सांगणार. तहकुबीबद्दल एवढं लिहा : अध्यक्ष तहकुबीचं कारण आणि पुढच्या बैठकीची तारीख-वेळ तोंडाने सांगेल, ते इतिवृत्तात येईल, आणि प्रस्ताव मताला टाकल्यानंतर निकाल जाहीर होईपर्यंत तहकुबी करता येणार नाही. हा नियम लोकसभेच्या पुस्तकातला नाही, माझा आहे. पण समितीला पूरक नियम करता येतात, आणि तुमच्या सभागृहाच्या अध्यक्ष तुम्हीच आहात. करून टाका.

आता निवडणूक. नाशिककरांच्या डोक्यात 'समिती' म्हटलं की राजीव गांधी भवनातली स्थायी समिती येते. तिथलं गणित वेगळं आहे. पक्षांच्या तौलनिक संख्याबळावर १६ सदस्य नेमले जातात, आणि तेच १६ जण आपल्यातला सभापती निवडतात. पीठासीन अधिकारी समोर बसलेला, हात वर करून मतदान, आणि त्याआधी मतं फुटू नयेत म्हणून सदस्यांची कुठेतरी 'सहल'. संसदेत अशी सहल काढून काही उपयोग नाही, कारण तिथे समिती आपला अध्यक्ष निवडतच नाही. लोकसभाध्यक्ष तो सदस्यांतून नेमतात (उपाध्यक्ष समितीत असतील तर मान त्यांचा), आणि राज्यसभेच्या अखत्यारीतल्या समित्यांना तिथले सभापती नेमतात. ब्रिटनमध्ये २०१० पासून बहुतेक निवड समित्यांचे (खात्यांचा कारभार तपासणाऱ्या 'सिलेक्ट कमिट्यां'चे) अध्यक्ष सगळं कॉमन्स, म्हणजे तिथलं कनिष्ठ सभागृह, गुप्त मतदानाने निवडतं. म्हणजे तीन ठिकाणी तीन तऱ्हा. कुठेच 'हीच लोकशाही, बाकीची खोटी' असं नाही. फरक इतकाच की निवडणाऱ्याच्या हातात काय दिलं आहे.

तुमच्या आकड्यांवर करून दाखवतो. ७९ जणांनी १५ सदस्य निवडायचे. प्रत्येक जागेसाठी हात वर करायला लावलेत तर ४४ जण पंधराच्या पंधरा जागा नेतील. विरोधी २५ आणि अपक्ष १० बाहेर बसून खिडकीतून समिती बघतील. म्हणून लोकलेखा समितीचे सदस्य निवडताना प्रमाणशीर प्रतिनिधित्व आणि एकल संक्रमणीय मत वापरतात. नाव अवघड आहे, पण रीत पोरांना दहा मिनिटांत कळते. प्रत्येकाला मत एकच, पण मतपत्रिकेवर पसंती १, २, ३ अशी लिहायची. निवडून यायला लागणारा कोटा असा काढायचा : एकूण मतं भागिले (जागा अधिक एक), येणाऱ्या पूर्णांकात पुन्हा एक मिळवायचा. ७९ भागिले १६ म्हणजे ४ आणि बाकी. अधिक १, कोटा ५. आता बघा, ४४ जणांकडे आठ कोटे, २५ जणांकडे पाच, १० जणांकडे दोन. आठ, पाच, दोन, बरोबर पंधरा. प्रत्येक गटाने आपल्याच माणसांना पसंती दिली तर समिती अशीच बनते, कुणी वाटाघाटी न करता. कोट्यापेक्षा जास्त मिळालेली मतं पुढच्या पसंतीकडे सरकवायची, आणि कोणाचाच कोटा भरत नसेल तर तळातल्याला बाद करून त्याच्या मतपत्रिका पुढे न्यायच्या. फळ्यावर खडूने करा. गणिताच्या सरांना बोलवा, त्यांना आनंद होईल.

समिती झाली ८-५-२. आता याच पंधरा जणांना अध्यक्ष निवडायला सांगितलंत तर तो आठांमधलाच होणार, मग मत हात वर करून द्या नाहीतर मतपेटीत टाका. म्हणजे तुमचा 'हात की चिठ्ठी' हा प्रश्न इथे दुय्यम आहे. माझा सल्ला : तुम्ही सभागृहाच्या अध्यक्ष म्हणून नेमणूक करा, आणि विरोधी पाचांमधला एक नेमा. लोकलेखा समितीत १९६७ पासून हाच संकेत आहे, अध्यक्षपद विरोधी बाकाकडे. नियमात लिहिलेला नाही, पाळला मात्र जातो. आणि त्याआधीचं ऐका : ही समिती १९२१ची, आणि इंग्रजांच्या काळात तिचा अध्यक्ष कोण? सरकारचा वित्त सदस्य, म्हणजे आजच्या भाषेत अर्थमंत्री! खर्च करणारा आणि खर्च तपासणाऱ्यांचा म्होरक्या एकच. पोरांना हे सांगून मग विचारा, सत्ताधारी आठांमधला अध्यक्ष का नको. उत्तर ते स्वतः देतील.

निवडणूक हवीच असं मुलांचं म्हणणं असेल तर घ्या, पण मग गुप्त मतदान घ्या. हात वर करायचा म्हटलं की मित्र बघतो, गटनेता बघतो. महापालिकेत हात वर करणं पक्षाला हवंच असतं, मत फुटू नये म्हणून. तुमच्याकडे मत फुटलं तर बिघडत नाही, उलट संसद शिकवल्याचं सार्थक होईल.

अध्यक्षाच्या मताचा मुद्दा मात्र नीट लिहून काढा, गाडी इथे हमखास अडते. सभागृहाच्या अध्यक्षाला पहिल्या फेरीत मत नसतं, मतं समसमान पडली तरच तो निर्णायक मत देतो. राज्यघटनेचा अनुच्छेद १०० तसं म्हणतो. समितीच्या अध्यक्षाचं तसं नाही. तो समितीचा सदस्य आहे, त्याला सदस्य म्हणून मत आहे, आणि समसमान झालं तर दुसरं, निर्णायक मतही आहे. म्हणजे काय होईल? तुमचा विरोधी अध्यक्ष आहे आणि सत्ताधारी आठांपैकी एकाची बस चुकली. हजर १४. एकीकडे सात, दुसरीकडे अध्यक्ष धरून सात. अध्यक्ष दुसरं मत टाकतो, आणि अल्पमतातली बाजू जिंकते. पोरं 'हे चिटिंग आहे' म्हणून ओरडतील. नियम आधी वाचून दाखवला असेल तर ओरडणार नाहीत, वेळेवर येतील.

विषयाकडे येतो. 'कांदा' हा समितीचा विषय होऊ शकत नाही. लासलगाव आपल्या जिल्ह्यात आहे म्हणून आपल्याला कांदा एकच दिसतो, दिल्लीत तो तीन मंत्रालयांत चिरलेला आहे. पीक कृषी मंत्रालयाचं. निर्यातबंदीचा आदेश निघतो वाणिज्य मंत्रालयाच्या विदेश व्यापार महासंचालनालयातून. डिसेंबर २०२३ मध्ये लागलेली आणि ४ मे २०२४ रोजी उठलेली बंदी तिथलीच. आणि नाफेड, एनसीसीएफ या सहकारी संस्थांकडून साठा करून घ्यायचा आणि शहरात ओतायचा, हे ग्राहक व्यवहार विभागाचं काम. संसदेत १९९३ पासून विभागांशी संलग्न स्थायी समित्या आहेत. तेव्हा १७ होत्या, २००४ पासून २४ आहेत. प्रत्येकीत ३१ सदस्य : लोकसभेचे २१, राज्यसभेचे १०. त्यातल्या १६ लोकसभाध्यक्षांच्या देखरेखीखाली, आठ राज्यसभेच्या सभापतींच्या. कृषी समिती लोकसभेच्या बाजूला, वाणिज्य समिती राज्यसभेच्या. तेव्हा तुमची समिती कुठली, हे आधी ठरवा. कृषी समिती म्हणालात तर निर्यातबंदीवर तासभर भाषणं ठोकता येणार नाहीत. कोणीतरी सदस्य उठून 'हा विषय आपल्या कक्षेत नाही' म्हणायला हवा, आणि अध्यक्षाने तो मुद्दा मान्य करायला हवा. माझं मत विचाराल तर कृषी समितीच घ्या आणि विषय बारीक करा : कांदाचाळीत उन्हाळ कांद्याची होणारी घट. त्यावर निफाड-चांदवडच्या पोरांकडे घरची माहिती असते. एप्रिलमध्ये चाळीत भरलेल्या मालातून दिवाळीपर्यंत किती पाट्या सडून बाहेर फेकल्या, हे ती न वाचता सांगतात.

शिवाय या समित्या रोजच्या कारभारात हात घालत नाहीत. अनुदानाच्या मागण्या, सोपवलेली विधेयकं, वार्षिक अहवाल, दीर्घ पल्ल्याची धोरणं एवढंच त्यांचं काम, आणि शिफारस सल्ल्याच्या स्वरूपाची. 'अमुक अधिकाऱ्याला निलंबित करा' असा ठराव समितीत आला की मी परीक्षक म्हणून गुण कापतो.

तुम्ही प्रश्नासोबत पाठवलेल्या आराखड्यात साक्षीदाराच्या खुर्चीवर 'कृषिमंत्री' बसवलेत, तेही बदला. या समित्यांचा सदस्य मंत्री होऊ शकत नाही. आणि लोकलेखा, अंदाज, सार्वजनिक उपक्रम या समित्यांपुढे मंत्र्याला साक्षीलाही बोलावत नाहीत, विभागाचा सचिव येतो. मला माहीत आहे, मंत्र्याची भूमिका करायला रांग लागते आणि सचिव व्हायला कोणी तयार नसतं. पण खरा कस सचिवाचाच लागतो. समोर पक्षोपक्षांचे पंधरा जण, मागे फायली घेऊन बसलेले सहसचिव, आणि 'माहिती घेऊन कळवतो' हे वाक्य किती वेळा म्हणायचं याला मर्यादा. आठ दिवस आधी त्याला लेखी प्रश्नावली पाठवा, उत्तरं लेखी मागवा, आणि साक्षीच्या दिवशी फक्त त्या उत्तरांतल्या भोकांवर बोट ठेवू द्या. चर्चेची पातळी एकदम चढते. साक्ष संपली की सचिव बाहेर. अहवालावर समिती आपसात बोलताना बाहेरचं कोणी आत नको.

आणि हो, मोबाइल जमा करा. समितीची बैठक बंद दाराआड असते, अहवाल सभागृहापुढे ठेवेपर्यंत साक्ष आणि मसुदा गोपनीय. मागे एका ठिकाणी मसुद्यावर चर्चा चालू असतानाच त्याचं रील बाहेर पडलं होतं.

गणपूर्ती : एकूण सदस्यांच्या सुमारे एक-तृतीयांश. तुमच्याकडे पाच. कागदावर सोपं आहे, पण माझ्या नोकरीतला एक दिवस सांगतो. सकाळी साडेअकराची सभा. हजेरीपुस्तकात आठ सह्या, खुर्च्यांवर माणसं चार. दोघं खाली टपरीवर चहाला, दोघं सही करून स्कूटरला किक मारून गेलेले. सभापतींनी माझ्याकडे बघून विचारलं, 'कोरम आहे ना?' मी हजेरीपुस्तक पुढे सरकवलं. तेवढ्यात एका सदस्याने बोट वर करून मोठ्याने डोकी मोजली : एक, दोन, तीन, चार. माझे कान लाल झाले. सह्यांनी गणपूर्ती होत नाही, डोक्यांनी होते. त्यानंतर मी हजेरीपुस्तकात 'निघाल्याची वेळ' असा रकाना आखून घेतला. तुम्हीही आखा. गणपूर्ती नसेल तर अध्यक्ष ती होईपर्यंत बैठक थांबवतो किंवा पुढच्या तारखेला ढकलतो. लागोपाठ दोनदा असं झालं तर सभागृहाला कळवतो.

इतिवृत्ताबद्दल माझीच चूक सांगतो. 'चर्चेअंती सर्वानुमते मंजूर' हे शब्द हाताला इतके बसलेले असतात की लेखणी आपोआप ते लिहिते. पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त कायम करायला घेतलं तेव्हा एक सदस्य उठले, म्हणाले, 'मी विरोध नोंदवला होता, तो कुठंय?' मी कच्ची वही उघडली. समासात पेन्सिलीने 'वि.- २' असं माझ्याच अक्षरात होतं. सर्वानुमते नव्हतं, बहुमताने होतं. दुरुस्ती झाली, पण त्या सदस्याने पुढे वर्षभर माझं प्रत्येक पान वाचलं. तेव्हापासून मत झालं की पुढचा विषय पुकारण्याआधी मी निकाल वाचून दाखवायचो : बाजूने इतके, विरोधात इतके, तटस्थ इतके. तुमच्या सचिव-विद्यार्थ्याला हीच सवय लावा. आणि 'ऐनवेळचे विषय' हा प्रकार समितीत अजिबात येऊ देऊ नका. घरच्या महापालिकेत ज्याला जादा विषय म्हणतात आणि डॉकेट (विषयाची टिप्पणी) वाचायच्या आत मंजूर होतात, ते शिकवायला कॉलेज कशाला हवं?

विभागीय स्थायी समितीच्या अहवालाला असहमत सदस्य आपली भिन्नमतपत्रिका जोडू शकतो. लोकलेखा समितीत ती पद्धत नाही, तिथे एकमताकडे नेण्याचा प्रयत्न असतो. २०११चा स्फोट झाला त्याला हेही एक कारण असावं, असं मला वाटतं. तुम्ही कृषी समिती घेतलीत तर हरणाऱ्या बाजूला एक पानाची भिन्नमतपत्रिका लिहू द्या. वही मिटून निघून जाण्यापेक्षा ते बरं.

राहिली सोडतीची चिठ्ठी. निवडणूक घेतलीत आणि दोन उमेदवारांना सारखी मतं पडली, तर चिठ्ठी काढावीच लागेल, आणि तिची रीत लोकांसमोर स्वच्छ दिसली पाहिजे. आमच्याकडे एकदा एक चिठ्ठी जाड घडीची निघाली आणि अर्धा तास वाद झाला. म्हणून कागद एकच घ्या, पट्टीने मोजून दोन सारखे तुकडे करा, एकाच पेनाने एकाच माणसाने नावं लिहायची, दोन्ही उमेदवारांना दाखवून चार घड्या घालायच्या. पारदर्शक बरणीत टाका. काढायला समितीबाहेरची एखादी पहिल्या वर्षाची मुलगी बोलवा. तिने काढलेली चिठ्ठी वाचून नाव जाहीर झालं की टाळ्या सुरू होतील; त्या थांबवा आणि बरणीत उरलेली दुसरी चिठ्ठीही उघडून सगळ्यांना दाखवा.